पूर्ण व्हीएम परत आणावं की फक्त डेटाबेस?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या मध्यम आकाराच्या फौंड्रीत साधारण एकच मांडणी दिसते. एक सर्व्हर, त्यावर हायपर-व्ही किंवा ईएसएक्सआय (एका सर्व्हरवर अनेक मशीन चालवणारं सॉफ्टवेअर), आत दोन-तीन व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) आणि त्यांतल्या एकात विंडोज, एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस आणि कंपनीचा सगळा कारभार ज्यात चालतो तो ईआरपी. हीट नंबर (भट्टीतल्या एका वितळणीचा क्रमांक), जॉबवर्कची चलनं, जीएसटीची बिलं, सगळं तिथंच. बॅकअपही दोन प्रकारचे असतात: रात्री पूर्ण व्हीएमची इमेज, म्हणजे सगळ्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, निघते आणि एसक्यूएल सर्व्हर आपली बॅक फाईल (.bak), म्हणजे फक्त डेटाबेसचा बॅकअप, वेगळी काढतो. वेळ आल्यावर यातलं नेमकं काय परत आणायचं, हे मात्र बऱ्याच ठिकाणी कुणी ठरवलेलं नसतं.

माझं मत आधीच सांगतो. मशीन गेलं असेल तर इमेज, डेटा बिघडला असेल तर बॅक फाईल. दोन्हींपैकी एकच नीट सांभाळणं जमणार असेल, तर बॅक फाईल सांभाळा.

इमेज कुठं कामाला येते

सर्व्हरचा मदरबोर्ड गेला, तर इमेज दुसऱ्या होस्टवर, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या मशीनवर, चढवली की विंडोज, ईआरपीची सर्व्हिस, युजर, प्रिंटर सगळं जसंच्या तसं उभं राहतं. इन्स्टॉलेशनसाठी ईआरपीवाल्याची वाट बघावी लागत नाही. यात इमेजला तोड नाही.

वेळेचा हिशेब आधीच करून ठेवा. ३०० जीबीची इमेज सेकंदाला १०० एमबी वेगानं वाचली गेली, तर साधारण ५० मिनिटं लागतात. पण मध्ये कुठं जुना १०० मेगाबिटचा स्विच असेल, तर त्याच कामाला सात-साडेसात तास जातात, म्हणजे अख्खी शिफ्ट. इमेजचं महागडं सॉफ्टवेअर घेण्याआधी तो स्विच बदला.

दुसरी गोष्ट, इमेज घेताना डेटाबेस कुठल्या स्थितीत होता? नुसती डिस्क गोठवून घेतलेली इमेज म्हणजे अचानक लाईट जाऊन बंद पडलेलं मशीन. एसक्यूएल सर्व्हर चालू होताना लॉग, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद, वाचून त्यातून सावरतो, पण डेटा आणि लॉग दोन वेगळ्या व्हर्च्युअल डिस्कवर असतील तर दोन्ही एकाच क्षणी गोठलेल्या असाव्या लागतात. म्हणून विंडोजमध्ये व्हीएसएस (चालू डिस्कची सुसंगत नक्कल घेणारी सेवा) चालू आहे आणि एसक्यूएलचा रायटर (त्या क्षणी डेटाबेस स्थिर करणारा भाग) त्यात सामील आहे, हे तपासा. लिनक्समध्ये पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल हा डेटाबेस असेल, तर इमेजच्या आधी आणि नंतर चालणाऱ्या स्क्रिप्ट स्वतः लावाव्या लागतात.

आणि स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची टिपलेली स्थिती, हा बॅकअप नव्हे. स्नॅपशॉट मूळ डिस्कवर अवलंबून असतो. ती गेली की तोही गेला. एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, असं ईएसएक्सआय बनवणारी व्हीएमवेअरच सांगते. ईआरपीचं अपडेट टाकण्याआधी घ्यावा, काम झालं की काढून टाकावा.

इमेज कुठं कमी पडते

समजा सकाळी साडेअकराला कुणीतरी दर बदलण्याची क्वेरी अट न घालता चालवली आणि सगळ्या पार्टींचे दर एकसारखे झाले. रात्री दोनची इमेज परत आणली तर दर नीट होतील, पण दोनपासून साडेअकरापर्यंतचं सगळं जाईल. डिस्पॅचवाला येऊन म्हणणार, "मालक, सकाळची चलनं दिसंनात." आणि माल तर गेटबाहेर पडलेला.

बॅक फाईलचा मार्ग इथं फार वेगळा आहे. डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलवर (यात लॉग जपून ठेवला जातो) असेल आणि दर १५ मिनिटांनी लॉग बॅकअप निघत असेल, तर आधी शेवटचा लॉग बॅकअप काढायचा. मग बाजूच्या व्हीएममध्ये फुल बॅकअप नोरिकव्हरी ठेवून (म्हणजे डेटाबेस पुढचे लॉग घ्यायला अर्धवट ठेवून) चढवायचा, त्यावर लॉग ओळीनं लावायचे आणि स्टॉपॅट (थांबायची वेळ) देऊन ११:२९ ला थांबायचं. तिथून दरांचं तेवढं टेबल चालू डेटाबेसमध्ये आणायचं. ईआरपी बंद करावा लागत नाही, चलनं तशीच राहतात. रिकव्हरी मॉडेल सिंपल (ज्यात लॉग बॅकअप निघतच नाही) असेल तर हा मार्ग नाही, म्हणून ते आजच बघून घ्या.

दोन्ही बॅकअप चालवत असाल तर एक बारीक गोष्ट. व्हीएसएसमधून निघणारी इमेज एसक्यूएलच्या दृष्टीनं फुल बॅकअप ठरू शकते आणि डिफरन्शियलचा (शेवटच्या फुलनंतरचे फक्त बदल घेणाऱ्या बॅकअपचा) पाया बदलते. मग आपल्या फुलवर डिफरन्शियल चढत नाही, तेही नेमकं गरजेच्या वेळी. इमेजच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉपी-ओन्लीचा (हा पाया न बदलणारा) पर्याय निवडला की प्रश्न मिटतो.

बॅक फाईल व्हीएममध्ये चढवताना

खरी अडखळायची जागा ही आहे, म्हणून जरा तपशिलात सांगतो. ऑफिसच्या चांगल्या पीसीवर व्हर्च्युअलबॉक्स टाकून विंडोजचं व्हीएम केलं. १२ जीबीची बॅक फाईल होस्टच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवली. व्हीएममध्ये लॉगिन केल्यावर ती झेड ड्राईव्हवर दिसते, पण रिस्टोअर म्हणतं फाईल सापडत नाही. कारण मॅप केलेला ड्राईव्ह तुमच्या लॉगिनपुरता असतो; एसक्यूएलची सर्व्हिस वेगळ्या खात्यावर चालते, तिला तो दिसत नाही. फाईल सरळ व्हीएमच्या आतल्या डिस्कवर कॉपी करा.

मग फाइललिस्टओन्ली ही आज्ञा चालवा. त्यात मूळ फायलींचे पत्ते आणि खरे आकार दिसतात. फाईल १२ जीबीची असली तरी ती कॉम्प्रेस केलेली असू शकते. आत डेटा ६० जीबी आणि वर्षानुवर्षं न आवरलेला लॉग ४० जीबी निघू शकतो. रिस्टोअरला ही पूर्ण १०० जीबी जागा लागते. मूळ पत्ता डी ड्राईव्हचा आणि व्हीएममध्ये डी ड्राईव्हच नसेल, तर रिस्टोअरच्या आज्ञेत मूव्ह लिहून प्रत्येक फाईलला नवा पत्ता द्या. एसक्यूएल सर्व्हरच्या २०२२ आवृत्तीचा बॅकअप २०१९ वर चढत नाही. २०२२ च्या एक्सप्रेस या फुकट आवृत्तीला एका डेटाबेसमागे १० जीबीची मर्यादा आहे. चाचणीपुरतं काम असेल तर डेव्हलपर आवृत्ती फुकट मिळते. लॉगिन एसक्यूएल सर्व्हरच्या स्वतःच्या मास्टर डेटाबेसमध्ये असतात, ते बॅक फाईलबरोबर येत नाहीत, त्यामुळं रिस्टोअरनंतर युजर पुन्हा जोडावे लागतात. इमेजमध्ये हा त्रास नाही, हे मान्य.

पोस्टग्रेसवाल्यांसाठी थोडक्यात: पीजी डंपची (डेटाबेस आज्ञांच्या रूपात काढलेली) फाईल नव्या आवृत्तीवर चढते, पण मोठा डेटाबेस असेल तर इंडेक्स पुन्हा बांधण्यात वेळ जातो आणि रोल (युजर) वेगळे काढावे लागतात. बेसबॅकअप (सगळ्या फायलींची नक्कल) लवकर उभा राहतो, पण मुख्य आवृत्ती तीच हवी.

कुठल्याही मार्गानं व्हीएम बाजूला उभं केलंत, तरी आधी त्याचं नेटवर्क होस्ट-ओन्ली (फक्त होस्ट मशीनशी जोडलेलं) करा. इमेजमधून आलेलं व्हीएम जुनंच नाव, जुनाच आयपी आणि ठरलेली सगळी कामं घेऊन जागं होतं. ते जाळ्यात आलं, तर ग्राहकांना जुन्या बिलांचे मेसेज जाऊ शकतात.

मशीन कुठं असावं

हा प्रश्न कोल्हापुरात पुरामुळं येतो. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं, शाहूपुरीसारख्या भागात घुसलं आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला. त्या दिवसांत दुसरा सर्व्हर पुण्याहून येणार कसा? अशा वेळी क्लाउडमधलं व्हीएम हाच पर्याय उरतो. अॅमेझॉनची मुंबईत आणि मायक्रोसॉफ्टची पुण्यात केंद्रं आहेत.

इथंही बॅक फाईल हलकी पडते. ५० एमबीपीएसच्या अपलोडवर १२ जीबी जायला साधारण ३२ मिनिटं लागतात. ३०० जीबीची इमेज जायला १३ तासांहून जास्त, आणि पुरात लाईन तेवढी टिकेल याचा भरवसा नाही. रोज रात्री बॅक फाईल वर पाठवा, इमेज आठवड्याला एकदा बाहेरच्या डिस्कवर घेऊन उंचावरच्या जागी ठेवा.

पतसंस्था किंवा दूध संस्था असेल, तर लॉग बॅकअपला फाटा देऊ नका. तिथं एका तासाच्या नोंदी हातानं पुन्हा भरणं म्हणजे दारात आलेल्या प्रत्येक सभासदाचं पासबुक तपासणं. छोटं दुकान, दिवसाला ४० बिलं, असं असेल तर रात्रीची एक फुल फाईल पुरते. फक्त ती महिन्यातून एकदा व्हीएममध्ये खरोखर चढवा, चेकडीबी (डेटाबेसची आतली तपासणी) चालवा आणि शेवटचा बिल नंबर हिशेबनिसाकडून तपासून घ्या. व्हेरिफायओन्ली या आज्ञेनं फाईल वाचता येते एवढंच कळतं, आतला डेटा धड आहे का ते नाही.