स्टोकरला जुना टायमर ठेवावा की डिजिटल कंट्रोल बसवावा?

ईशान्य पेनसिल्वेनियात, स्क्रँटन ते हेझलटनच्या पट्ट्यात जुनं घर घेतलं तर तळघरात राईस कोळशाचा (अँथ्रासाइट या कडक दगडी कोळशाच्या बारीक दाण्यांचा) स्टोकर, म्हणजे मोटरने आपोआप कोळसा ढकलणारा स्टोव्ह, आयता मिळू शकतो. अशी घरं घेतलेल्या ओळखीच्या दोघातिघांनी मला एकच प्रश्न विचारला: आधीच्या मालकाचा टायमर आणि थर्मोस्टॅट तसाच ठेवावा की डिजिटल कंट्रोल बसवावा? मी टायमरवर चार हिवाळे काढले, डिजिटलवर हा तिसरा. स्टोव्ह तोच, घरही तेच. मोजमाप म्हणाल तर काही केलेलं नाही, पाठ आणि पाय जे सांगतात तेच लिहितोय.

टायमरची तक्रार कडाक्याच्या थंडीत करता येणार नाही. जानेवारीत बाहेर सगळं गोठलेलं असतं, थर्मोस्टॅट सारखी उष्णता मागतो, कोळसा ढकलणारी मोटर जवळजवळ अखंड फिरते. मग टायमर आहे की नाही हेही जाणवत नाही. शिवाय बिघाड झाला तर कुठे झाला ते डोळ्यांना दिसतं. माझ्या टायमरची एकदा नुसती वायर सैल झाली होती. स्क्रू आवळला, काम झालं.

खरी परीक्षा ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये. दिवसा उकडतं, रात्री पुन्हा गारठा. थर्मोस्टॅट तासन्‌तास काही मागत नाही आणि तेवढा वेळ विस्तव राखण्याचं सगळं ओझं टायमरच्या पिनांवर येतं. विस्तव जिवंत राहावा म्हणून टायमर अधूनमधून मोटर थोडा वेळ फिरवतो, आणि किती वेळ ते या पिना ठरवतात. एक पिन जास्त ढकलली की घरात 76 अंश फॅरनहाइट आणि खिडक्या उघड्या. एक कमी केली की पहाटेपर्यंत विस्तव गेलेला. अधलंमधलं माझ्या टायमरवर काही नव्हतंच. त्यात कोळशाची प्रत्येक खेप वेगळी जळते, त्यामुळे मागच्या वर्षी बसलेली पिन यंदा बसेलच असं नाही.

आणि हा कोळसा एकदा विझला की लाकडासारखा फुंकून पेटत नाही. जेसी फेलने 1808 साली विल्क्स-बॅरमध्ये अँथ्रासाइट घरच्या उघड्या लोखंडी जाळीवर जाळून दाखवला, तोवर घरात हा दगड पेटवणं लोकांना अवघडच वाटे. खालून हवा आणि बुडाशी चांगले निखारे, दोन्ही लागतात. आमच्याकडे जाळीखालचा पंखा हवा देतो. निखारे मात्र आपणच सांभाळायचे.

माझा निर्णय एका एप्रिलच्या पहाटे झाला. पाचला जाग आली ती पाय गार पडल्यामुळे. खाली मोटरचा आवाज व्यवस्थित येत होता, म्हणून आधी वाटलं सगळं ठीक आहे. जिना उतरून पाहिलं तर काचेमागे अंधार. विस्तव रात्रीच कधीतरी गेला होता. घर थंड झालं तसा थर्मोस्टॅट उष्णता मागत राहिला, आणि मोटरला बिचारीला काय ठाऊक, ती कोळसा ढकलत राहिली. राखेचा डबा काळ्या, न जळलेल्या दाण्यांनी काठोकाठ भरलेला, वरून सांडलेलाही. याला राईस म्हणतात, पण दाणा हरभऱ्याएवढा असतो. अनवाणी पायाखाली आला की कळतं. मग तो सगळा कोळसा उपसा, जाळी साफ करा, लाकडाच्या पेलेट्स पसरा, गॅसच्या टॉर्चने पेटवा, आणि कामावर निघताना हाताला काळं तसंच. त्या महिन्यातली ही तिसरी वेळ होती.

डिजिटलमध्ये फरक पडतो तो इथे. तो मोटरला फक्त 'चालू' आणि 'बंद' सांगत नाही. खोली 70 च्या किती जवळ आहे ते बघून कोळसा थोडा थोडा कमीजास्त करतो. विस्तव टिकवण्याचं किमान प्रमाणही बारीक आकड्यांत ठरवता येतं. ते एकदा बसवायला मात्र धीर लागतो. जाळीच्या टोकाला इंच-दीड इंच राखेची पट्टी राहिली पाहिजे, लाल निखारा खाली पडता कामा नये. मला चार संध्याकाळी स्टूल टाकून बसावं लागलं.

ब्लोअरचं, म्हणजे गरम हवा खोलीत सोडणाऱ्या पंख्याचं म्हणाल तर जुन्या पद्धतीत स्नॅप डिस्क (उष्णतेवर चालू-बंद होणारं बटण) तापली की तो एकदम पूर्ण जोरात सुटायचा, निवली की थांबायचा. रात्री टीव्ही बघताना आवाज वाढवा, कमी करा चालायचं. आता तो विस्तवाच्या मानाने हळूहळू वाढतो. अगदी कमी वेगावर माझी मोटर गुणगुणते. बायकोला ती गुणगुण खटकते, मला नाही.

डिजिटलच्या विरोधात दोन गोष्टी, आणि त्या लहान नाहीत. एक, किंमत: टायमर जागेवर फुकट आहे, हा विकत घ्यायचा आहे. दोन, त्याचं पोट बंद. सर्किट उडालं तर स्क्रू आवळून भागत नाही, आणि ते जानेवारीतच उडणार अशी भीती मला कायम वाटते. म्हणून सर्ज प्रोटेक्टरवर काटकसर करू नका. लाईट गेली तर मात्र दोन्ही सारखेच आंधळे. विस्तव जातो, आणि बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दोन्हीकडे हवाच.

तुमचा स्टोव्ह फक्त डिसेंबर ते फेब्रुवारी पेटत असेल आणि बाकी दिवस हीट पंप चालत असेल, तर टायमर काढायची घाई करू नका असं मी म्हणेन. पण ऑक्टोबरात पेटवलेला विस्तव मेपर्यंत न्यायचा असेल तर, माझ्यापुरतं तरी, परत पिनांकडे जाणं नाही. या तीन हिवाळ्यांत विस्तव एकदाच गेला, तोही मी हॉपर (कोळशाची टाकी) भरायला विसरलो म्हणून.

जुना टायमर फेकलेला नाही. स्टोव्हमागच्या फळीवर बिस्किटांच्या डब्यात आहे, आणि कुठली वायर कुठे जाते ते प्रत्येकीला चिकटपट्टी लावून लिहून ठेवलंय.