५२ कोटींच्या शिल्लकेवर ३८ लाख व्याज दिसलं, तरी मी शेअर घेतले

एका छोट्या कंपनीच्या शेअरमध्ये माझे ५,७६,९०० रुपये गेले. ब्रोकरेज आणि कर यात धरलेले नाहीत. खरा आकडा आजवर फक्त बायकोला माहीत होता, भावाला मी दीड लाख सांगितला होता. आज सगळं लिहितोय कारण अगदी असाच खेळ दुसऱ्या एका छोट्या कंपनीत चालू झालेला दिसतोय, आणि ऑफिसातली दोन पोरं त्यात पैसे घालायला निघाली आहेत.

त्यात मी हिशेबाच्याच कामातला माणूस, याची लाज जास्त वाटते. २२ वर्षं लेजर, व्हाउचर, बँकेचा ताळमेळ यातच गेली. ७ जानेवारी २००९ला हैदराबादच्या सत्यम या आयटी कंपनीच्या रामलिंग राजूने पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोख आणि बँक शिल्लक फुगवलेली आहे. त्या आठवड्यात आमच्या साहेबांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवलं होतं. म्हणाले, बँकेतली शिल्लक खरी की खोटी हे पाहायचं असेल तर व्याजाची ओळ काढा. मोठा पैसा बँकेत पडून असेल तर तो सहसा व्याज आणतोच. हे मला तोंडपाठ होतं.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये जुन्या वर्गमित्राचा फोन आला. तो एका शेअर ब्रोकरचा एजंट आहे. रसायनांचा धंदा असलेली लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली कंपनी, विक्री १७२ कोटींवरून २४० कोटींवर गेलेली, शेअर रोज अप्पर सर्किटला (दिवसात भाव चढायची ठरलेली मर्यादा), बोनस म्हणजे फुकट शेअर येणार अशी चर्चा. टेलिग्रामवर तर तिचाच गजर चालला होता. ऑपरेटर, म्हणजे भाव खेळवणारे लोक, आपल्याच चार खात्यांत शेअर फिरवून भाव कसा चढवतात हे मी तुम्हाला सांगायला नको. मलाही ठाऊक होतं. पण मी काही डोळे मिटून उडी मारली नाही. वार्षिक अहवाल डाउनलोड केला, प्रिंट काढली आणि रात्री जेवणं झाल्यावर पेन घेऊन बसलो.

तीच ती रात्र. रोख आणि बँक शिल्लक ५२ कोटी. आदल्या वर्षी ४९ कोटी. वर्षभराचं व्याजाचं उत्पन्न ३८ लाख. कॅल्क्युलेटरवर भागाकार केला, जेमतेम पाऊण टक्का आला. साधं बचत खातं याहून जास्त देतं. पुढच्याच पानावर त्याच कंपनीने बँकेचं ६४ कोटींचं कर्ज घेतलेलं, साडेअकरा टक्क्यांनी. घरात ५२ कोटी रोकड असताना साडेअकरा टक्क्यांचं कर्ज कोण घेतं? हा प्रश्न मी समासात पेनने लिहिला. ती प्रिंट अजून माझ्याकडे आहे, प्रश्नचिन्हासकट.

मित्राला फोन केला. तो म्हणाला, "अरे, पैसा करंट अकाउंटला असेल, तिथे व्याज नसतं. तू आयुष्यभर आकडे बघत बसलास म्हणून मागे राहिलास." आणि मी गप्प बसलो. तोपर्यंत पाच दिवसांत भाव २२ टक्के चढला होता. लिस्टेड कंपनी आहे, ऑडिटरची सही आहे, अहवालावर एकही शेरा नाही, मग माझ्या एका भागाकाराला कोण विचारतो, असं मी मनाशी म्हटलं. आजही मला वाटतं, हे समजणं पूर्ण चूक नव्हतं. सहीवर विश्वास ठेवायचा नसेल तर ती सही असते कशाला?

दुसऱ्या दिवशी १८६.४० ला १,४०० शेअर घेतले, २,६०,९६० रुपये. नोव्हेंबरमध्ये मुलीच्या शिक्षणासाठीची ठेव मोडून २४३.१५ ला आणखी १,१००, म्हणजे २,६७,४६५. दुसऱ्या खरेदीआधी शेअरहोल्डिंग पॅटर्न, म्हणजे कुणाकडे किती शेअर आहेत तो तक्ता, उघडायला हवा होता, तो उघडला नाही. तिमाही संपल्यावर २१ दिवसांत तो एक्स्चेंजच्या साइटवर येतो, एक पैसा लागत नाही. नंतर पाहिला. प्रमोटरचा, म्हणजे मालकाचा हिस्सा दोन तिमाहींत ६३ टक्क्यांवरून ४१ वर आला होता, उरलेल्यातला निम्मा गहाण होता, आणि लहान भागधारकांची संख्या ४,२१२ वरून ३७,८६० झाली होती. म्हणजे मालक विकत होता आणि आमच्यासारखे ३३ हजार लोक घेत होते. तिमाही निकालातला नफा बघून खूश होऊ नका, त्यात ताळेबंद आणि रोख प्रवाह सहामाहीलाच येतो. मधल्या काळात विक्री दाखवून येणी, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे बाकी पैसे, फुगवत बसता येतं.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी ऑडिटरने राजीनामा दिला. कारण, "इतर कामांचा व्याप." सोमवारपासून लोअर सर्किट, म्हणजे भाव रोज पडायच्या मर्यादेवर. सकाळी सव्वानऊला विक्रीची ऑर्डर टाकायची आणि साडेतीनपर्यंत पाहत बसायचं, समोर खरेदीदार शून्य. सात दिवस असेच गेले. आठव्या दिवशी अचानक सर्किट उघडलं, लाखो शेअरची उलाढाल झाली. मित्राचा मेसेज आला, मोठे लोक आत येतायत, अ‍ॅव्हरेज कर, म्हणजे कमी भावात आणखी घेऊन सरासरी खाली आण. मी विकायच्या ऐवजी १५८.२० ला १,००० शेअर घेतले. आणखी १,५८,२०० रुपये. त्या दिवशी ऑपरेटरचा उरलेला माल आमच्या गळ्यात पडला. पडत्या शेअरचं सर्किट एक दिवस उघडलं तर ती सुटायची दारं असतात, आत शिरायची नाहीत. पुढे जवळपास दोन महिन्यांनी ३,५०० शेअर ३१.३५ ला गेले. हातात १,०९,७२५ रुपये आले.

आता तक्रारीचं ऐका. शेअर बाजाराच्या तक्रारींच्या ऑनलाइन पोर्टलवर पहिली तक्रार केली, व्याजाचा हिशेब, कर्जाचं पान, राजीनाम्याची तारीख, सगळं जोडून. तक्रार गेली कुणाकडे? त्याच कंपनीकडे, उत्तर द्यायला! कंपनीने तीन ओळी लिहिल्या, "आम्ही सर्व माहिती वेळोवेळी जाहीर केलेली आहे." तेवढ्यावर तक्रार बंद. दुसऱ्यांदा केली तर "गुंतवणूक बाजारातील जोखमीच्या अधीन असते" असं उत्तर आलं. जोखीम मला मान्य आहे हो! धंदा बुडाला असता तर मी एक अक्षर लिहिलं नसतं. नसलेली रोकड ताळेबंदात लिहिणं ही जोखीम कशी?

पोलिसांकडे गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, शेअर तुम्हीच घेतले ना? हो. कुणी बळजबरी केली? नाही. मग अर्ज ठेवून जा. तीन चकरा झाल्या, पोच घ्यायलाही भांडावं लागलं. सायबर हेल्पलाइनवाले म्हणाले, पैसे तुमच्याच डीमॅटच्या व्यवहारात गेले, हे आमच्यात बसत नाही. ब्रोकरच्या ऑफिसने सांगितलं, टेलिग्रामवर कोण काय लिहितं त्याच्याशी आमचा संबंध नाही. ऑडिटरला पत्र टाकलं, ते न उघडता परत आलं. प्रत्येक जण दुसऱ्याचं दार दाखवतो आणि प्रत्येक दाराशी मला ऐकवलं जातं की अभ्यास करून गुंतवणूक करायची. अभ्यास केला होता म्हणूनच तर माझ्याकडे ते पान आहे! सत्यममध्ये मालकाने स्वतः कबुली दिली होती, तरी हैदराबादच्या विशेष कोर्टाच्या निकालाला एप्रिल २०१५ उजाडलं. इथे कबुली द्यायला कुणीच नाही, आणि ३७ हजार लहान भागधारकांना एकमेकांची नावंही माहीत नाहीत.

ज्यांनी पैसे घातलेत त्यांनी टेलिग्रामचे मेसेज, कॉलची नोंद, कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरने दिलेली व्यवहाराची पावती) आजच जपून ठेवा. ते ग्रुप भाव पडला की एका रात्रीत गायब होतात, माझा गेला. आणि व्याजाची ओळ काढा. शिल्लकेने भागा. वर्षाच्या सुरुवातीची आणि शेवटची, दोन्ही शिलकांची सरासरी घेऊन भागा. उत्तर पटलं नाही तर मित्राला फोन करू नका.

ऑफिसातल्या त्या दोन पोरांना मी काल माझी प्रिंट दाखवली. एकाने शेअर न घ्यायचं ठरवलंय. दुसरा म्हणाला, काका, ही कंपनी वेगळी आहे.

तिसरी तक्रार परवा केली. या वेळी ५२ कोटी आणि ३८ लाख या दोनच आकड्यांखाली लाल रेघ ओढून ती दोन पानं जोडली आहेत. तक्रार क्रमांक मिळाला आहे. स्थिती : कंपनीकडे पाठवली.