हेडलाइट मंद होती, दोष होल्डरचा निघाला : चिपळूणचा एक वायरमन

बहादूरशेख नाक्याजवळ एक छोटा ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, टपरीवजाच दुकान, बोर्ड पण नीट वाचता येत नाही. माझ्या गाडीची उजवी हेडलाइट महिनाभर मंद लागत होती आणि खड्ड्यात गेली की बंदच. आधीच्या गॅरेजवाल्याने काय केलं तर कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा सॉकेट) कापून वायरी पिळून टेप मारली, चार दिवसांनी परत तेच, मग म्हणे सगळं वायरिंगच बदला, चौदा हजार.

इथल्या मामांनी आधी मीटर लावला. गाडी चालू, लाइट चालू, बॅटरीवर 13.9 व्होल्ट आणि बल्बपाशी 12.1. म्हणाले, "अहो वायर चांगलीय, पिना गेल्यात." व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड तीसेक टक्के पडतो, हे मला तिथेच कळलं. होल्डर काढला तर अर्थची पिन काळी पडलेली, प्लास्टिक वितळलेलं. लो बीम असो की हाय, करंट त्याच पिनेतून परत जातो ना, म्हणून तीच आधी जळते. पिन सैल झाली की तापते, तापली की अजून सैल. आणि चूक माझीच, हौसेने 60/55 वॉटच्या (हाय/लो बीम) जागी 100/90 चा बल्ब टाकलेला, म्हणजे पाच अँपिअरच्या आसपासच्या जागी आठच्या वर. ते ऐकून मामा नुसते हसले.

सिरॅमिक होल्डर टाकला, पिना पकडीने नीट क्रिंप केल्या, म्हणजे वायरीवर दाबून घट्ट बसवल्या, वर स्लीव्ह, टेप कुठेच नाही. परत मोजलं तर 13.5. बल्बही जुन्या वॉटचा बसवून दिला. सगळे मिळून 650.

फॉगलाइटचे कपलर न सांगता उघडून बघितले, आत नुसता हिरवा कळंक. आमच्याकडचा पाऊस, त्यात रबरी सील आधीच्याने फेकून दिलेलं. क्लीनर आणि ब्रशने घासून ग्रीस भरलं, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

तक्रार एकच, अडीच तास लागले आणि बसायला एक स्टूल, तेही बहुतेक वेळ मामांच्याच पायाखाली. घाई असेल तर सकाळी दुकान उघडताच जा. डाव्या फॉगलाइटचा कपलर पुण्याहून मागवलाय, आला की फोन करतो म्हणालेत.