सिंहगड की वेताळ टेकडी? लँडस्केप फोटो काढणाऱ्यांसाठी

मामेभावानं दिवाळीत कॅमेरा घेतला आणि लगेच फोन आला, "दादा, रविवारी सिंहगडावर जाऊ की टेकडीवर?" टेकडी म्हणजे पुण्यातली, कोथरूडला लागून असलेली वेताळ टेकडी. दोन्हीकडे मी बरीच वर्षं ट्रायपॉड वाहिलाय, तरी चटकन उत्तर देता आलं नाही. (पुणे-सासवड रस्त्यावरचा दिवे घाट यात धरलेला नाही. वरून मस्तानी तलाव छान दिसतो, पण त्या घाटाचा खरा फोटो पालखी चढते त्या दिवशीचा, आणि तो दिवस वर्षातून एकदाच येतो.)

नुसत्या दृश्याचं म्हणाल तर सिंहगडापुढे टेकडी उभीच राहत नाही. उत्तरेला खडकवासल्याचं पाणी, नैऋत्येला राजगड आणि तोरणा. डिसेंबरात मावळतीचा सूर्य दक्षिणेकडे सरकून बराचसा तोरण्याच्या अंगाला येतो, तेव्हा डोंगरांच्या रांगा एकीमागे एक फिकट होत जातात. वाइड लेन्सनं त्याच रांगा चिंचोक्याएवढ्या दिसतात, तिथे लांबचं जवळ आणणारी ७०-२०० मिमीची झूम लेन्स हवी. पावसाळ्यात मात्र गड ढगात असला की फ्रेममध्ये नुसतं पांढरं. तो जुगार आहे.

पण माझं बिनसलं ते रस्त्यावर. एका रविवारी पहाटे अंधारात निघालो, तर पायथ्याशी आधीच गाड्यांची रांग. वर घाटात एक गाडी चढावर बंद पडलेली. पुढच्या जीपच्या मागच्या काचेत आमच्या पाठीमागचं आभाळ दिसत होतं. आधी जांभळं, मग गुलाबी, मग केशरी. अख्खा सूर्योदय मी त्या काचेत, वायपरच्या दांडीसकट पाहिला. वर पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते, ऊन टणटणीत. कॅमेरा बॅगेतून काढलाच नाही. एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. त्या हिवाळ्यात हे तीनदा झालं. संध्याकाळी जावं तर उतरताना कोंडी, त्यामुळे सोबतचे सूर्य बुडायच्या आधीच "चला, निघू या" सुरू करतात. आणि खरा रंग तर सूर्य बुडाल्यावर चढतो.

टेकडीचं तसं नाही. मी कोथरूडचा, त्यामुळे माझं मत थोडं एकतर्फी असेल. पण डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास. पाचला गॅलरीतून आभाळ बघायचं, ढग बरे वाटले तर चपला घालायच्या. टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीतल्या पाण्यात वारा पडला की कातळाचं प्रतिबिंब हलत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये गिरिपुष्पाच्या निष्पर्ण फांद्या गुलाबी होतात. झाड परदेशी म्हणून जाणकार नाक मुरडतात, फोटोला त्याचं काही नसतं. आणि हवा स्वच्छ असली की दक्षिणेला टॉवरसकट सिंहगड दिसतो. हिवाळ्यात संध्याकाळचा उजेड त्याच्यावर बाजूनं पडतो. माझा सिंहगडाचा सगळ्यात बरा फोटो टेकडीवरूनच आलाय!

टेकडीला खोडी नाहीत असं नाही. शहराकडे कॅमेरा फिरवला की क्रेन आणि अर्धवट इमारती फ्रेममध्ये घुसतात. थंडीच्या सकाळी धुराचा थर शहरावर बसलेला असतो, म्हणून मी तिथे सकाळी जातच नाही. फिरायला आलेले काका ट्रायपॉड पाहून "काय, पक्षी का?" विचारतात. अंधार पडायच्या आत खाली या, शक्यतो एकटे जाऊ नका.

तुम्हाला आठवड्याच्या मधल्या दिवशी सुट्टी मिळत असेल तर कदाचित सिंहगडच घ्या, मी अडवणार नाही. मामेभावाला रविवारचीच सुट्टी असते. त्याला म्हटलं, संध्याकाळी पाचला घरी ये, टेकडीवर जाऊ. गडावर मी अजून जातो, पिठलं-भाकरी आणि मडक्यातल्या दह्यासाठी. कॅमेरा घरी ठेवून.