शून्य वळणत्रिज्येची जीप: 2005 च्या ‘हरिकेन’चे परीक्षण

‘हरिकेन’ हे नाव आपल्याकडच्या जुन्या जीपवाल्यांना नवे नाही. विलीज कंपनीने 1950 च्या दशकात सीजे-3बी या जीपमध्ये जे चार सिलिंडरचे, 2.2 लिटरचे पेट्रोल इंजिन बसवले, त्याचे नाव हरिकेन होते. त्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह (इंधन-हवा आत घेणारी झडप) वर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या माथ्यात, गेल्यामुळे त्याची उंची वाढली आणि ते झाकण्यासाठी बॉनेट उंच करावे लागले. महिंद्राने पुढे अनेक दशके बनवलेल्या ज्या जीपचे उंच कपाळ आपण तालुक्याच्या कचेरीबाहेर आणि एस.टी. न पोहोचणाऱ्या वाड्यावस्त्यांच्या रस्त्यांवर पाहिले, ते त्या इंजिनाची देणगी होते. जानेवारी 2005 मध्ये डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात क्रायस्लरने याच नावाची एक प्रायोगिक जीप मांडली. तिचाही आकार इंजिनानेच ठरवला होता. फरक इतकाच की येथे इंजिने दोन होती, एक पुढे आणि एक मागे.

ही गाडी विक्रीसाठी कधीच आली नाही, तेव्हा तिचे परीक्षण कशाला, असे कोणी विचारील. तिची मापे आणि रचना कंपनीने त्याच वेळी जाहीर केलेली आहेत, आणि तिच्यातल्या दोन-तीन कल्पना आज इतर कंपन्या चांगली किंमत घेऊन विकत आहेत. त्या कल्पना मुळात कितपत उपयोगाच्या होत्या, हे डोंगरात गाडी चालवणाऱ्याच्या नजरेतून तपासायला हवे. मी जुनी, पाट्यांच्या स्प्रिंगांची जीप चालवतो आणि पावसाळा संपला की मुळशीच्या पलीकडच्या मुरमाड वाटांवर ती काढतो. खालची मते त्या सवयीतून आलेली आहेत.

प्रथम मापे पाहू. हरिकेनची लांबी सुमारे 3856 मिलिमीटर, म्हणजे 2020 मध्ये आलेल्या महिंद्राच्या तीन दारांच्या थारपेक्षाही थोडी कमी. मात्र पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर 2746 मिलिमीटर, म्हणजे थारपेक्षा जवळजवळ 30 सेंटिमीटरने जास्त. याचा अर्थ चाके अगदी चारही कोपऱ्यांत ढकललेली आहेत आणि त्यांच्या पुढे-मागे गाडी जवळपास उरतच नाही. त्यामुळे अ‍ॅप्रोच अँगल (पुढचा भाग न घासता चढता येईल तो कोन) 64 अंश आणि डिपार्चर अँगल (मागचा भाग न घासता उतरता येईल तो कोन) 86.7 अंश इतका मिळतो. थारमध्ये हे आकडे साधारण बेचाळीस आणि सदतीस अंशांच्या आसपास आहेत, आणि तेही आपल्या वाटांना पुरेसे ठरतात. 86.7 अंश म्हणजे जवळपास उभी भिंत: गाडी बांधावरून खाली उतरली तर मागचा बंपर घासण्याचा प्रश्नच येत नाही. 37 इंची टायर, 363 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचे पोट यांतले अंतर) आणि चाकांची वरखाली होण्याची 20 इंचांची मुभा यांची त्यात भर पडते. पुढच्या-मागच्या चाकांतल्या वाढलेल्या अंतरामुळे मधले पोट टेकण्याची जी भीती निर्माण होते, ती या क्लिअरन्सने बरीचशी भरून काढली आहे. इथपर्यंत तक्रारीला जागा नाही.

तक्रार रुंदीची आहे. हरिकेन 2032 मिलिमीटर रुंद आहे. डेट्रॉइटच्या मंचावर किंवा अमेरिकेतल्या युटा राज्याच्या मोकळ्या खडकांवर दोन मीटर रुंदीचे काही वाटत नाही, उलट आडव्या उतारावर ती आधार देते. पण ज्या वाटा बैलगाडीच्या मापाने पडल्या आणि ज्यांच्या एका बाजूला करवंदीची जाळी, दुसऱ्या बाजूला ओढा आहे, तिथे प्रत्येक वाढीव बोट मोजून द्यावे लागते.

आता ज्या गोष्टीसाठी ही गाडी लक्षात राहिली त्या वळण्याकडे येऊ. हरिकेनची चारही चाके वळतात आणि ती तीन तऱ्हांनी वळतात. पहिल्या तऱ्हेत मागची चाके पुढच्यांच्या उलट दिशेला वळतात आणि गाडी थोड्या जागेत फिरते. दुसरीत चारही चाके एकाच दिशेला वळतात आणि गाडीचे तोंड न फिरवता ती खेकड्यासारखी तिरकी सरकते. तिसरीत पुढची दोन्ही आणि मागची दोन्ही चाके आतल्या बाजूला वळवून, एका बाजूची चाके पुढे व दुसऱ्या बाजूची मागे फिरवली जातात आणि गाडी जागच्या जागी गोल फिरते. कंपनीने या तिसऱ्या तऱ्हेच्या बळावर ‘वळणत्रिज्या शून्य’ असा दावा केला आणि सगळ्यांनी तोच उचलला.

या दाव्यात एक साधा हिशेब राहून जातो. गाडी स्वतःच्या मध्याभोवती फिरली तरी तिचे कोपरे हवेत विरघळत नाहीत. 3856 मिलिमीटर लांबी आणि 2032 मिलिमीटर रुंदी असलेल्या आयताचा कर्ण सुमारे 4.36 मीटर येतो. म्हणजे कोपरे थोडे गोलसर धरले तरी फिरण्यासाठी चार मीटरांहून अधिक व्यासाचे सपाट वर्तुळ हवे. तेवढी जागा असली तर मी माझी जीपही दोन-चार हिसक्यांत फिरवतो. जिथे खरोखर अडते तिथे वाट तीन मीटरसुद्धा नसते. तिथे शून्य त्रिज्या असलेली ही गाडीही आडवी होताच एका टोकाने दरडीला आणि दुसऱ्या टोकाने दरीच्या कडेला भिडेल.

मला या तिघींत सर्वांत मोलाची वाटते ती पहिली, म्हणजे सर्वांत कमी दिखाऊ तऱ्हा. आमच्या नेहमीच्या वाटेवर एका कातळाला वळसा घालणारे वळण आहे. तिथे पुढचे चाक पार होते, पण मागचे आतले चाक वळण कापत आत येते आणि पावसाने कोरलेल्या घळीत उतरू पाहते. मग एकाला खाली उतरून मागे उभे राहावे लागते; तो हाताने खुणा करत “आणखी ये, आणखी ये… बस, बस!” म्हणत राहतो, आणि पाच-सहा वेळा पुढे-मागे केल्यावर जीप सुटते. मागची चाके उलट वळणारी असतील तर ती पुढच्या चाकांच्या मागावरूनच येतात, आत कापत नाहीत, आणि हा सारा खटाटोप एका दमात संपतो. तिचा एकच दोष सांभाळावा लागतो: वळायला सुरुवात करताना गाडीचा मागचा कोपरा बाहेर फेकला जातो, त्यामुळे बाहेरच्या अंगाला दरड लागून असेल तर पत्रा घासणार. खेकड्याची चाल चाकोरीतून बाहेर पडताना किंवा झाडाला टेकलेली गाडी सोडवताना वर्षातून दोनदा कामी येईल. ती मिळाली तर नको म्हणणार नाही, पण तिच्यासाठी पैसे मोजणार नाही.

जागच्या जागी फिरण्याला आणखी एक किंमत आहे आणि ती गाडीवाला देत नाही, जमीन देते. चाके स्वतःच्या दिशेने न चालता घासत फिरतात, तेव्हा त्यांच्याखालचा थर खरवडला जातो. सड्यावरची माती बोटभर जाडीची असते; तिच्यावर 37 इंची टायर असे एकदा फिरवले तर पुढच्या पावसात तिथे उघडा कातळ आणि त्यातून निघालेली घळ दिसेल.

ही सारी वळणे शक्य झाली ती शक्ती चारही चाकांना वेगवेगळी वाटण्याच्या व्यवस्थेमुळे, आणि यंत्ररचना म्हणून हरिकेनमधला खरा पराक्रम तोच आहे. दोन्ही इंजिनांची ताकद मध्यभागी असलेल्या ट्रान्सफर केसमध्ये (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरपेटीत) येते, तिथून दुभागलेल्या अ‍ॅक्सलांमार्फत प्रत्येक चाकाकडे जाते, आणि कोणत्या चाकाला किती व कोणत्या दिशेने ती द्यायची हे यांत्रिक पद्धतीने ठरते. गिअरचे प्रमाण 1:1, 2:1 आणि 4:1 असे निवडता येते. चारही चाके वळणारी, प्रत्येक चाक स्वतंत्र सस्पेन्शनवर, आणि त्यावर 20 इंचांचा चढउतार: इतक्या हालचाली सोसणारे शाफ्ट आणि सांधे बनवणे हे काम वाटते तितके सोपे नाही. ज्याने ओढ्याच्या मध्यात शाफ्टचा क्रॉस (दोन शाफ्ट जोडणारा सांधा) तुटलेला अनुभवला आहे (मी अनुभवला आहे, आणि त्या दिवशी चार किलोमीटर चालत गेलो आहे), त्याला ही रचना पाहून कौतुक आणि धडकी दोन्ही एकदमच वाटतील.

दोन इंजिनांबद्दल मात्र मी उदार होऊ शकत नाही. प्रत्येकी 5.7 लिटरची दोन हेमी व्ही-8 इंजिने, प्रत्येकाची शक्ती 335 अश्वशक्ती, म्हणजे एकूण 670 अश्वशक्ती आणि सुमारे एक हजार न्यूटन-मीटर टॉर्क (चाक फिरवण्याचा जोर). थारचे पेट्रोल इंजिन 150 अश्वशक्तीचे आहे हे लक्षात घेतले म्हणजे प्रमाण कळते. गरजेप्रमाणे 4, 8, 12 किंवा 16 सिलिंडर चालू ठेवण्याची सोय आहे, हे मान्य. परंतु वाकड्या खडकावर चढताना चाकाला हवी असते ती संथ, मोजून दिलेली ओढ, आणि ती 4:1 च्या लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त ओढ देणाऱ्या गिअरमध्ये) एकाच इंजिनातून विपुल मिळाली असती. थांबलेल्या अवस्थेतून ताशी 96 किलोमीटरचा वेग पाच सेकंदांच्या आत गाठणे ही जीपची गरज कधीच नव्हती. त्या हौसेपायी मागची बाक गेली, सामानाची जागा गेली, आणि मेकॅनिकपुढे उघडण्यासाठी दुसरे बॉनेट वाढले.

शरीराची रचना मात्र विचारपूर्वक केली आहे. संपूर्ण सांगाडा एकसंध कार्बन फायबरचा, त्याच्या पोटाखालून अ‍ॅल्युमिनियमचा कणा, आणि तो कणाच खालच्या आघातांपासून संरक्षण करणारे कवच. वेगळी चॅसिस नाही. इंजिने आणि सस्पेन्शन थेट शरीरालाच जोडलेले आहेत. म्हणूनच दोन व्ही-8 इंजिने पोटात घेऊनही गाडीचे वजन सुमारे 1746 किलो राहिले, आणि हा आकडा मला 670 अश्वशक्तीपेक्षा अधिक अवघड वाटतो. याची दुसरी बाजू दुरुस्तीत दिसेल. माझ्या जीपचा मडगार्ड दगडाला लागून आत गेला तेव्हा गावातल्या वेल्डरने तो चहा होईस्तोवर ठोकून सरळ केला. कार्बन फायबर ठोकून सरळ होत नाही, तडकते, आणि जिथे सस्पेन्शन बसवलेले आहे नेमकी तीच जागा तडकली तर गाडी तिथेच राहिली.

आतल्या भागाविषयी फार लिहिण्यासारखे नाही: दोन आसने, दारे नाहीत, छप्पर नाही. जीपच्या जुन्या साधेपणाची आठवण म्हणून हे छान दिसते, पण जुन्या जीपमध्ये दहा माणसे आणि दोन शेळ्या मावत असत.

त्याच 2005 च्या प्रदर्शनात जीपने ‘ग्लॅडिएटर’ नावाची एक प्रायोगिक पिकअपही दाखवली होती. त्या नावाची पिकअप 2018 च्या अखेरीस प्रत्यक्ष गाडी म्हणून समोर आली. हरिकेनचे नाव मात्र 2022 मध्ये पुन्हा एका इंजिनालाच मिळाले, तीन लिटरच्या, सहा सिलिंडरच्या. तिच्या कल्पना विजेच्या गाड्यांनी उचलल्या. जीएमसीच्या विजेवरील हमरमध्ये तिरके सरकण्याची सोय आली. मर्सिडीजच्या जी 580 मध्ये प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर असल्याने गाडी जागच्या जागी फिरते, आणि जे काम हरिकेनने शाफ्टांच्या जंजाळातून केले ते तिथे चार तारा आणि एक बटण करते. त्या सोयीची किंमत वजनात मोजली आहे: जी 580 तीन टनांहून जड आहे, आणि ओल्या मुरमात तीन टन म्हणजे काय, हे तिला बाहेर ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला विचारावे.

हरिकेनमधले काय उचलावे असे मला कोणी विचारले, तर एक इंजिन, अर्धा फूट रुंदी आणि तो गोल फिरण्याचा खेळ मी तिथेच ठेवीन; पोटाखालचा कणा आणि उलट वळणारी मागची चाके तेवढी घेईन. मग त्या कातळाच्या वळणावर खुणा करायला कोणालाही खाली चिखलात उतरावे लागणार नाही.