केर काढणारा रोबोट: साधा, पिशवीवाला की सगळंच करणारा?

केर काढणाऱ्या रोबोटच्या जाहिरातीत सगळ्यात ठळक छापलेला असतो तो पास्कलचा, म्हणजे ओढून घेण्याच्या ताकदीचा, आकडा. ४,०००, ८,०००, आता तर २०,०००च्याही पुढे. घेणाऱ्याने हा आकडा सगळ्यात शेवटी बघावा. तो मोजतात हवेची वाट बंद करून आणि मोटर पूर्ण जोरात चालवून. फरशीवरची धूळ मात्र उचलली जाते ती हवा किती वाहते आणि पोटाखालचा ब्रश फरशीला किती नीट टेकतो, त्यावर. घरभर जाड गालिचे असतील तर जास्तीची ओढ कामी येते. आपल्याकडच्या दोन बाय दोनच्या गुळगुळीत टाइल्सवरच्या धुळीला अडीच-तीन हजार पास्कल पुरतात. जुन्या घरात शहाबादी असेल आणि तिचे सांधे खोल असतील, तर महागडा रोबोटसुद्धा त्या सांध्यांतली माती पूर्ण काढत नाही.

बाजारात आज जे मिळतं त्याचे ढोबळ तीन गट पडतात. पहिला साधा: साधारण १५ ते २५ हजार, केर स्वतःच्या पोटातल्या डब्यात गोळा करतो, मागे एक ओलं फडकं ओढतो, डबा तुम्ही झटकायचा. दुसरा पिशवीवाला: ३० ते ४५ हजारांच्या आसपास, काम झालं की आपल्या डॉकवर, म्हणजे चार्जिंगच्या स्टँडवर, जातो आणि डॉक त्याच्या पोटातला केर ओढून मोठ्या पिशवीत घेतो. तिसरा सगळंच करणारा: ५० हजारांपासून लाखाच्या पुढे, हा पुसायचं फडकंही स्वतः धुतो, वाळवतो, पाणीही भरून घेतो. सेलच्या दिवसांत या किमती बऱ्याच खाली-वर होतात. शाओमी, ड्रीमी, इकोव्हॅक्स, रोबोरॉक या चिनी कंपन्या आणि मिलाग्रो, युरेका फोर्ब्स ही आपल्याकडची नावं. एकाच कंपनीचा माल दोन-तीन गटांत असतो, म्हणून मी कंपन्यांपेक्षा गटांचीच तुलना करतोय.

लायडार नसेल तर पुढे वाचू नका

२००२ मध्ये आयरोबॉट कंपनीचा पहिला रूंबा आला तेव्हा तो भिंतीला धडकायचा, वळायचा, पुन्हा धडकायचा, आणि बराच वेळ असा फिरल्यावर बहुतेक खोली झाडून व्हायची. त्या जातीचे स्वस्त रोबोट अजूनही आठ-दहा हजारांत मिळतात. टू बीएचकेत हे दोन वेळा कपाटाखाली अडकतात आणि हॉलचा एक कोपरा रोज विसरतात. लायडारवाल्याच्या डोक्यावर छोटी गोल टोपी असते. तिच्यात फिरणारा लेझर असतो, तो घराचा नकाशा काढतो आणि रोबोट शेत नांगरल्यासारखा ओळीने जातो. अॅपमध्ये त्या नकाशावर रेघ मारून ‘इथे जायचं नाही’ असंही सांगता येतं. ही सोय आपल्या घरांत फार लागते. देवघरासमोरची समई, दारातली रांगोळी, खाली ठेवलेली तांदळाची गोणी, गणपतीतली आरास. रोबोटला रांगोळी म्हणजे केरच.

टोपीमुळे उंची मात्र वाढते. लायडारवाले साधारण साडेनऊ ते दहा सेंटिमीटर उंच असतात. सोफ्याखाली अकरा सेंटिमीटर जागा आहे का, हे पट्टीने मोजा. ‘पलंगाखालची धूळ जाईल’ या आशेवर घेणार असाल तर आधी पलंग बघा. आपल्याकडे निम्म्या घरांत सामान भरायचे बॉक्स पलंग आणि दिवाण असतात, ते थेट फरशीवर टेकलेले. तिथे हा फायदा मुळातच नाही.

दारांच्या पट्ट्याही मोजून घ्या. बहुतेक रोबोट दोन सेंटिमीटरपर्यंतचा उंचवटा चढतात. बाल्कनीच्या सरकत्या दाराची चौकट बरेचदा त्याहून उंच असते. बाथरूमची फरशी खाली असते, तिथे पडू नये म्हणून पोटाखाली सेन्सर असतात. गंमत अशी की काळी कडप्पा किंवा काळा ग्रॅनाइट प्रकाश शोषून घेतो, आणि काही रोबोट त्यालाच खड्डा समजून मागे फिरतात. घरात काळ्या दगडाचा पट्टा असेल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत तिथे चालवून बघा.

केर

नुसता केर काढण्यात तिघांत फारसा फरक नाही. ऐकायला विचित्र वाटेल, पण २० हजारांचा आणि ८० हजारांचा रोबोट टाइलवरची धूळ आणि केस जवळजवळ सारखेच उचलतात. महागड्यात ब्रशला केस कमी गुंडाळले जातात, आणि कोपऱ्यात शिरायला बाजूचा ब्रश बाहेर येतो, एवढंच. फोडणीच्या वेळी सांडलेली मोहरी किंवा साबुदाणा दिसला की तिघंही बाजूच्या ब्रशने आधी चार दाणे सोफ्याखाली भिरकावतात. सांडलेलं हाताने उचलणं बरं.

फरक पडतो तो डब्यात. साध्याचा डबा छोटा, तीन-चारशे मिलिलिटरचा. रस्त्याकडच्या घरात, शेजारी बांधकाम चालू असेल तर तो रोज झटकावा लागतो, आणि झटकताना बारीक धूळ नाकातोंडात जाते. घरात कुणाला दमा किंवा धुळीची अॅलर्जी असेल तर पिशवीवाल्याचे जास्तीचे पैसे वसूल झाले असं मी बेलाशक म्हणेन. कंपन्या एका पिशवीला ६० दिवस सांगतात. आपल्या धुळीत इतकी आशा धरू नका. डॉक केर ओढतो तेव्हा काही सेकंद मिक्सर लावल्यासारखा आवाज होतो. तान्हं बाळ झोपलेलं असेल तर वेळ बदला, अॅपमध्ये ती सोय असते.

पुसणं, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते

बाहेरच्या देशांतल्या गालिच्यांच्या घरात केर काढला की काम झालं. आपल्याकडे केर हे अर्धंच काम. फरशी पुसल्याशिवाय घर स्वच्छ झालं असं कुणी म्हणत नाही. म्हणून ‘व्हॅक्युम आणि मॉप’ असं लिहिलेलं दिसलं की माणूस खूश होतो आणि साधा रोबोट घेऊन येतो. त्याचं पुसणं म्हणजे ओलं फडकं ओढत नेणं. दाब नाही, चोळणं नाही. ओट्याखालचा तेलाचा डाग तसाच राहतो. त्याहून वाईट म्हणजे फडकं तेच: हॉलमध्ये मळलेलं तसंच बेडरूममध्ये जातं. रोजची बसलेली बारीक धूळ टिपायला ते ठीक, पण त्याला लादी पुसणं म्हणणं हे लादी पुसणाऱ्यांचा अपमान आहे. पिशवीवाल्या गटातल्या बऱ्याच रोबोटांचं पुसणंही याच दर्जाचं असतं. काहींत फडकं थरथरतं, तेवढा फरक.

तिसऱ्या गटात पुसणं खरं असतं. दोन गोल फडकी फिरत फरशी घासतात, किंवा नव्या मॉडेलांत ओला रोलर असतो. ठरावीक वेळाने रोबोट डॉकवर जाऊन फडकी धुऊन येतो, शेवटी गरम हवेने वाळवतो. वाळलेला चहाचा डाग दोन फेऱ्यांत जातो. फरशी चिकट लागत नाही.

मग सगळ्यांनी हाच घ्यावा का? हा डॉक रिकाम्या गॅस सिलिंडरएवढी तरी जागा घेतो आणि रोबोटला समोरून ये-जा करायला मोकळी जागा लागते. त्याच्याजवळ, खाली, प्लग हवा. आपल्या घरांत प्लग असतात ते बोर्डावर, छातीच्या उंचीला. मग वायर लोंबते. शिवाय त्यात दोन टाक्या. स्वच्छ पाण्याची भरायची, घाण पाण्याची ओतायची, दोन-तीन दिवसांनी. पावसाळ्यात घाण पाणी दोन दिवस तसंच राहिलं तर डॉकपाशी उभं राहवत नाही, आणि खालच्या ताटलीत चिकट गाळ साठतो तो हातानेच धुवावा लागतो. म्हणजे फडकं पिळायचं सुटलं आणि डॉक धुवायचा मागे लागला. ड्राय बाल्कनीत नळ, प्लग आणि जागा तिन्ही असतील तरच या गटाचा विचार करा. आणि ड्राय बाल्कनीच्या दाराचा उंबरठा तो चढेल का, हे पुन्हा मोजा. टाकीत फिनेल मात्र ओतू नका. नळ्या चोंदतात, रबर खराब होतं, आणि बहुतेक कंपन्या मग वॉरंटीला हात वर करतात. फिनेलच्या वासाशिवाय ज्यांना पुसल्यासारखं वाटत नाही, त्यांनी आठवड्यातून एकदा हाताने पुसावं.

पैशाचं गणित

विजेचा खर्च मनातून काढून टाका. ५,२०० एमएएच आणि १४.४ व्होल्टची बॅटरी म्हणजे ७५ वॅट-तास. चार्जिंगमधली गळती धरली तरी एका युनिटमध्ये दहा वेळा भरते. गरम पाणी आणि गरम हवेचा डॉक याहून जास्त खातो, पण तरी गिझरशी त्याची बरोबरी नाही.

२४ हजारांचा साधा रोबोट चार वर्षं चालला तर महिन्याला ५०० रुपये पडतात, वर फिल्टर आणि ब्रश. ७२ हजारांचा सगळं करणारा पाच वर्षं चालला तर महिन्याला १,२००, वर पिशव्या, फडकी, फिल्टर, आणि मध्येच बॅटरी बदलायची वेळ आली तर तो खर्च. या दुसऱ्या आकड्याच्या आसपास अनेक भागांत केर-फरशीला मावशी मिळतात, आणि त्या खुर्च्या उचलून ठेवतात, गॅसच्या ओट्याखाली हात घालतात, जिना झाडतात. ज्यांच्याकडे मावशी वेळेवर येतात त्यांनी ७० हजारांच्या रोबोटचा विचार का करावा, हे मला उमगत नाही. मावशी एक दिवसाआड येत असतील, किंवा दोघंही सकाळी आठला बाहेर पडत असाल, तर साधा लायडारवाला उत्तम: मधल्या दिवसांचा केर तो काढतो, पुसायचं मावशी बघतात.

दुरुस्ती आणि अॅप

इथे माणसं कमी बघतात आणि नंतर पस्तावतात. रोबोट बिघडला तर माणूस घरी येणार की तुम्ही तो खोक्यात भरून कुरिअरने पाठवायचा? तुमच्या पिनकोडला सेवा आहे का? पुण्या-मुंबईत निभावतं, सांगली, लातूर, रत्नागिरीत हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका. फिल्टर, ब्रश, पिशव्या आज सहज मिळतात का, तेही शोधून बघा.

मुलगा अमेरिकेतून आई-बाबांसाठी रोबोट पाठवतो, हे आता बरंच होतं. हौस चांगली, पण तिथले केर ओढणारे डॉक बरेचदा १२० व्होल्टचे असतात, आपला पुरवठा २३० चा. डॉकच्या खालचं लेबल वाचायला सांगा. शिवाय वॉरंटी इथे चालत नाही. पैसे पाठवून इथेच घ्यायला लावणं शहाणपणाचं.

कंपनी टिकेल का, हाही प्रश्न आता खराखुरा आहे. लेझरने नकाशा काढणारे रोबोट २०१० मध्येच घराघरांत नेणारी निएटो ही कंपनी तिच्या जर्मन मालकाने, फोरवेर्कने, २०२३ मध्ये बंद केली. २०२५ मध्ये तिची क्लाउड सेवाही थांबली आणि लोकांचे चांगले चालते रोबोट अॅपविना उरले, नुसते बटण दाबून चालणारे. रूंबावाल्या आयरोबॉटनेही डिसेंबर २०२५ मध्ये दिवाळखोरी कायद्याखाली अर्ज केला, आणि कंपनी तिच्याच चिनी उत्पादकाकडे जायचं ठरलं. म्हणून इंटरनेट नसताना नुसत्या बटणावर रोबोट पूर्ण घर झाडतो का, हे विचारा. वीज जाऊन राउटर बंद पडला की हेच उपयोगी पडतं, आणि घरातल्या आजींना इंग्रजी अॅपपेक्षा बटणच बरं.

कॅमेरावाले रोबोट वायरी, चपला, कुत्र्याची घाण ओळखून टाळतात. घरात पाळीव प्राणी असेल तर ते फार मोलाचं. पण २०२४ मध्ये अमेरिकेत काही घरांतले इकोव्हॅक्सचे रोबोट हॅकरांनी ताब्यात घेतले आणि त्यांच्या स्पीकरमधून शिव्या ऐकू आल्या. कुत्रा-मांजर नसेल तर कॅमेऱ्यावर पैसे घालू नका, लायडार पुरे.

मग कुणी कोणता

वन बीएचके, खाली अंथरुणं घालून झोपणारी माणसं, फरशीवर सतत पाट, चौरंग, खेळणी: कुठलाच नको, झाडू बरा. टू बीएचके, टाइल्स, पुसायला कुणी येतं: साधा लायडारवाला. तेच घर पण दमा, लांब केसांची तीन माणसं किंवा मांजर: पिशवीवाला. मोठा फ्लॅट, पुसायला कुणी नाही, ड्राय बाल्कनीत सोय आहे आणि डॉक धुवायची तयारीही आहे: तिसरा. वयस्कर माणसं एकटी राहत असतील तर कोणताही घ्या, पण तो चालताना ती पलंगावर किंवा खुर्चीत बसलेली असतील अशी वेळ लावा. पायात येऊन पडायची भीती खरी आहे.

घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याला मुद्दाम अवघड ठिकाणी सोडा: झालरीचं पायपुसणं, वाळत घातलेल्या साडीचं लोंबतं टोक, आरशाचं कपाट, काचेचं दार. आरसा आणि काच यांनी लेझर फसतो आणि नकाशात नसलेली खोली उगवते. असं झालं तर आरशाच्या खालच्या कडेला कागदाची पट्टी चिकटवून पुन्हा नकाशा काढायला लावा. तरीही जमलं नाही तर मुदतीत परत करा. खोकं आणि आतला थर्माकोल तोवर माळ्यावर टाकू नका.