पगाराआधीचं ॲप-कर्ज आणि तक्रारीची यंत्रणा : काही महिने वापरल्यानंतर

पगाराच्या तारखेआधी दहा-पंधरा हजार रुपये देणारी ॲप्स, मग थकलेला हप्ता, आणि मग दिवसभर वाजणारा फोन. अशा प्रकरणात कर्जदाराच्या हातात कोणती साधनं आहेत आणि ती प्रत्यक्षात किती उपयोगी पडतात, त्याचा हा अनुभव. कंपन्यांचे तक्रार कक्ष, रिझर्व्ह बँकेचं सीएमएस हे ऑनलाइन तक्रारीचं पोर्टल, सिबिलच्या कर्ज-नोंदींची दुरुस्ती, सायबर तक्रार हे सगळं गेले काही महिने वापरून झालं आहे. यंत्रणा चालते, पण तक्रार लेखी असेल आणि योग्य नावावर असेल तरच. वसुलीवाल्याशी फोनवर तासभर घातलेल्या वादाची कुठेच नोंद राहत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याला गेलेल्या एका ईमेलची मात्र राहते, आणि ३० दिवसांची मुदतही तिथूनच मोजली जाते.

सगळ्यात आधी पैसे नेमके कोणी दिले ते शोधा. ॲप बहुतेक वेळा नुसता मध्यस्थ असतो. कर्ज देते ती मागची बँक किंवा एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेली वित्त कंपनी. तिचं नाव कर्जाच्या अटी-आकड्यांचा गोषवारा देणाऱ्या की फॅक्ट स्टेटमेंटवर, म्हणजे केएफएसवर असतं आणि कर्ज करारावरही असतं. ते हाताशी नसेल तर बँक पासबुकात रक्कम कोणाकडून जमा झाली ते पाहा. नियमाप्रमाणे पैसे कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात यायला हवेत, आणि परतफेडही थेट तिच्याच खात्यात जायला हवी. जमा एखाद्या व्यक्तीच्या नावाने दिसत असेल किंवा परतफेडीसाठी दर वेळी नवा यूपीआय आयडी येत असेल, तर प्रकरण वेगळं आहे. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

१ जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर डिजिटल कर्ज ॲप्सची यादी आहे. उपयोगाची आहे, पण तिच्यावर पूर्ण विसंबू नका. ही नावं बँका आणि एनबीएफसी स्वतः कळवतात, रिझर्व्ह बँक ती जशीच्या तशी छापते. शिवाय खऱ्या ॲपच्या नावात एखादं अक्षर बदलून काढलेली नकली ॲप्स असतात. म्हणून यादीत नाव सापडलं की त्या एनबीएफसीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरही ॲपचं नाव आहे का ते ताडून पाहा. तशी यादी तिथे ठेवणं त्यांना बंधनकारक आहे.

त्यानंतर कागद-पेन घेऊन हिशेब. समजा १०,००० रुपयांचं ३० दिवसांचं कर्ज आहे. प्रोसेसिंग फी १,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी १८०. म्हणजे हातात ८,८२० आले. महिन्याला ३ टक्के व्याज धरून परत करायचे १०,३००. खर्च १,४८० रुपये, तोही ८,८२० रुपयांवर आणि एका महिन्यात. वर्षाचा दर साधारण २०४ टक्के पडतो. जाहिरातीत ‘फक्त ३ टक्के’ लिहिलेलं असतं, केएफएसमधल्या एपीआरच्या, म्हणजे एकूण वार्षिक दराच्या रकान्यात मात्र फी धरून आलेला आकडा असायला हवा. या दोन आकड्यांतली तफावत हा तक्रारीचा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा त्याहून भक्कम: जी फी केएफएसमध्ये लिहिलेली नाही, ती ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. स्टेटमेंटमध्ये ‘वसुली खर्च’, ‘फील्ड व्हिजिट’, ‘लीगल चार्ज’ अशा ओळी दिसल्या की केएफएस शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवा. दंडाचंही तसंच आहे. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात घातलेल्या नियमाप्रमाणे हप्ता चुकल्याचा दंड व्याजदरात मिसळता येत नाही आणि दंडावर पुन्हा व्याज लावता येत नाही. छोट्या कर्जांची थकबाकी फुगते ती अनेकदा इथेच, आणि पैसे परत मिळण्याची शक्यताही इथेच जास्त.

कर्ज कालच घेतलं असेल आणि आज पस्तावा होत असेल, तर भांडायचीसुद्धा गरज नाही. रिझर्व्ह बँकेच्या ८ मे २०२५ च्या डिजिटल कर्ज निर्देशांत आलेल्या नियमानुसार किमान एक दिवसाची कूलिंग-ऑफ, म्हणजे फेरविचाराची मुदत द्यावीच लागते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. केएफएसमध्ये लिहिलेली प्रोसेसिंग फी मात्र कंपनी ठेवून घेऊ शकते. ॲपमध्ये हा पर्याय कुठेतरी खोलात दडवलेला असतो. सापडला नाही तर मुदत संपायच्या आत ईमेल टाका आणि त्यात ‘कूलिंग-ऑफ’ हा शब्द लिहा.

आता तो ईमेल. सगळ्या प्रक्रियेत सर्वाधिक मेहनत इथे घ्यावी असं माझं ठाम मत आहे. ॲपच्या चॅटमध्ये लिहून भागत नाही; तिथली तिकिटं आपोआप बंद होतात आणि नंतर दिसतही नाहीत. एनबीएफसीच्या संकेतस्थळावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल असतो, त्यावर पाठवा आणि ॲपच्या नोडल (तक्रारी पाहणाऱ्या) अधिकाऱ्याला प्रत ठेवा. मजकूर साधारण असा:

‘विषय : कर्ज खाते क्रमांक अमुक, तक्रार. या खात्यात ५ तारखेला माझ्या बँकेत ८,८२० रुपये जमा झाले. केएफएसप्रमाणे एकूण देय १०,३०० रुपये. आजच्या स्टेटमेंटमध्ये १,५०० रुपये वसुली खर्च दाखवला आहे, तो केएफएसमध्ये नाही. माझ्या मागण्या : एक, १,५०० रुपये रद्द करून सुधारित स्टेटमेंट द्यावं. दोन, दंडाचा तारीखवार हिशेब द्यावा. तीन, नेमलेल्या वसुली एजंटचं नाव आणि एजन्सी लेखी कळवावी. चार, माझ्या नातेवाइकांना केलेले फोन थांबवावेत. तारीख, वेळ आणि क्रमांकांची यादी सोबत आहे.’

एवढंच. घरची अडचण, नोकरी गेल्याची हकीकत या ईमेलमध्ये घालू नका. मुदतवाढ किंवा सवलत मागायची असेल तर त्यासाठी वेगळा ईमेल लिहा. दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की उत्तर फक्त सवलतीबद्दल येतं आणि फीचा मुद्दा बाजूला पडतो. सोबत केएफएस, स्टेटमेंट, बँकेचा उतारा आणि कॉलची यादी जोडा. ॲपमधले स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा, कारण खातं ‘ब्लॉक’ झालं की आतलं काहीच दिसत नाही.

उत्तर नाकारणारं आलं, किंवा ३० दिवसांत आलंच नाही, तर सीएमएस पोर्टल. रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली ते चालतं; इथे लोकपाल म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींवर निर्णय देणारा रिझर्व्ह बँकेचा अधिकारी. शुल्क नाही, वकील लागत नाही. उलट वकिलामार्फत केलेली तक्रार योजनेत चालतच नाही. मोबाइलवर ओटीपी येतो, संस्थेचं नाव यादीतून निवडायचं, आधीच्या ईमेलची प्रत चढवायची. इंग्रजी-हिंदी फॉर्म जड जात असेल तर १४४४८ या रिझर्व्ह बँकेच्या हेल्पलाइनवर मराठीतून माहिती मिळते, आणि तिच्या चंदीगडच्या तक्रार केंद्राला टपालाने मराठीत तक्रार पाठवली तरी चालते.

पोर्टलबद्दल नाराजी पुष्कळ ऐकू येते, आणि तक्रार ‘मेंटेनेबल नाही’ (योजनेत बसत नाही) म्हणून बंद झाली की माणूस खचतो. पण बंद होण्याची कारणं ठरलेली आहेत. कंपनीकडे आधी लेखी तक्रार केलेली नसते, किंवा ३० दिवस पूर्ण झालेले नसतात. संस्थेच्या जागी ॲपचं नाव टाकलेलं असतं. तेच प्रकरण कोर्टात चालू असतं. आणि सर्रास आढळणारं कारण म्हणजे मागणीच चुकीची असते: ‘व्याज माफ करा’, ‘सेटलमेंट करून द्या’. कर्ज किती सोडायचं हा कंपनीचा व्यावसायिक निर्णय मानला जातो, लोकपाल त्यात पडत नाही. नियमभंग दाखवा, रक्कम सांगा, तारीख सांगा. मग तक्रार उभी राहते. छोटी एनबीएफसी योजनेत बसत नसेल तर तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक शिक्षण व संरक्षण कक्षाकडे जाते. तिथे वेळ जास्त लागतो. लोकपालापर्यंत गेलेली तक्रार कंपनीला लगेच कळते, आणि महिनाभर गप्प असलेला तक्रार कक्ष त्यानंतर बऱ्याचदा स्वतःहून फोन करतो. त्या फोनवर काही ठरलं तर ते ईमेलवर मागा. ईमेल हातात येईपर्यंत तक्रार मागे घेऊ नका.

वसुलीच्या फोनबद्दल नियम स्पष्ट आहे: सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन नाही, धमकी नाही, चारचौघांत अपमान नाही, नातेवाईक-मित्रांना त्रास नाही. एजंट संपर्क साधण्याआधी त्याचा तपशील तुम्हाला एसएमएस किंवा ईमेलवर यायला हवा. म्हणून पहिला प्रश्न एकच विचारा: ‘तुमचं नाव कंपनीने मला कोणत्या तारखेला कळवलं?’ याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं. कॉल रेकॉर्ड करा, फाइलच्या नावात तारीख आणि वेळ घाला. घरी आलेल्याला ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र मागा. रोख द्यायचीच वेळ आली तर कंपनीची पावती जागेवर घ्या.

मँडेटचा, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप वळता करायला दिलेल्या परवानगीचा, विषय नाजूक आहे. खात्यात शिल्लक नसताना कंपनी नॅच (बँकेमार्फत होणारी आपोआप वसुली) पुन्हा पुन्हा लावते आणि ती परत गेली की दर वेळी बँक वेगळं शुल्क कापते. पगार आला की आधी ते शुल्क वळतं होतं. मँडेट बँकेतून रद्द करता येतं, यूपीआय ऑटोपे यूपीआय ॲपमधूनच थांबवता येतो. पण त्यामुळे कर्ज संपत नाही. शिवाय शिल्लक नसल्यामुळे परत गेलेल्या मँडेटवर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली, चेक बाऊन्ससारखीच, फौजदारी तक्रार होऊ शकते. तशी नोटीस आली तर १५ दिवसांच्या आत रक्कम भरायची संधी असते. ती नोटीस बाजूला टाकू नका. मँडेट रद्द करणार असाल तर त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा, ‘यापुढची परतफेड थेट तुमच्या अधिकृत खात्यात करतो’, आणि खरोखरच जमेल तेवढी करत राहा.

व्हॉट्सॲपवर येणारी ‘अटक वॉरंट’ पोलिस पाठवत नाहीत. कर्ज फेडता न येणं हा एवढ्यानेच गुन्हा होत नाही. लवादाची, म्हणजे कोर्टाबाहेर वादाचा निवाडा करणाऱ्या पंचाची नोटीस मात्र खरी असू शकते. कंपनीने एकतर्फी लवाद नेमला असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालाचा (वादात हितसंबंध असलेल्याने एकट्यानेच लवाद नेमू नये) आधार घेऊन लेखी हरकत घ्या: ‘या नेमणुकीला माझी संमती नाही.’ संमतीच्या कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. गप्प राहिलात तर निवाडा एकतर्फी होतो आणि मग तो रद्द करून घेण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते.

अनधिकृत ॲपचं प्रकरण वेगळं. स्क्रीनवर ५,००० दाखवून ३,००० देतात आणि सातव्या दिवशी ५,००० मागतात. गूगल प्ले ६० दिवसांत किंवा त्याआधी पूर्ण परतफेड मागणाऱ्या वैयक्तिक कर्ज ॲपला परवानगीच देत नाही, त्यामुळे लिंकवरून उतरवलेलं सात दिवसांचं ॲप दिसलं की तिथेच थांबावं. इथे लोकपालाचा उपयोग नाही. आधी पुरावे जमवा: ॲपची स्क्रीन, यूपीआय आयडी, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, धमकीचे मेसेज. मग परवानग्या काढा, ॲप काढा, संपर्कातल्या लोकांना दोन ओळींचा मेसेज करा. त्यानंतर १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल. फोटो विकृत करून पाठवले असतील तर स्थानिक ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. अनधिकृत संस्थांची माहिती घेणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवरही माहिती द्या, पण तिथून वैयक्तिक दिलासा मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. महाराष्ट्रात बिनपरवाना कर्ज देणाऱ्याविरुद्ध २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडेही जाता येतं. नोंदणीकृत एनबीएफसीविरुद्ध तिथे अर्ज करण्यात मात्र वेळ घालवू नका. राज्यांचे सावकारी कायदे त्यांना लागू नाहीत असा सर्वोच्च न्यायालयाचा मे २०२२ चा निकाल आहे.

तडजोड करायची असेल तर कंपनीच्या लेटरहेडवर पत्र घ्या. त्यात खाते क्रमांक, रक्कम, शेवटची तारीख आणि ‘ही रक्कम भरल्यावर काहीही देणं उरणार नाही’ हे वाक्य हवं. एजंटच्या वैयक्तिक क्रमांकावर एक रुपयाही टाकू नका. आणि फरक लक्षात ठेवा: तडजोडीने मिटवलेलं खातं सिबिलवर ‘सेटल्ड’ दिसतं, पूर्ण भरलेलं ‘क्लोज्ड’. पुढे गृहकर्ज घ्यायचा विचार असेल तर शेवटचे दोन-तीन हजार कमी करून घेण्यापेक्षा वादातली फी रद्द करून घेऊन बाकी पूर्ण भरणं मी केव्हाही बरं मानेन.

एनओसी (काही देणं उरलं नसल्याचं कंपनीचं पत्र) मिळाली की क्रेडिट रिपोर्ट तपासा. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्या वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट मोफत देतात. चूक दिसली तर ऑनलाइन हरकत नोंदवून एनओसी जोडा. दुरुस्तीसाठी एकूण ३० दिवस असतात, त्यातले २१ कर्ज देणाऱ्याचे. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई हा २६ एप्रिल २०२४ पासून ग्राहकाचा हक्क आहे. ती मिळाली नाही तर हरकतीचा क्रमांक आणि तारीख देऊन लेखी मागा, आणि पुन्हा लोकपालाकडे जा. एका कंपनीकडे नोंद सुधारली म्हणून उरलेल्या तिघांकडे सुधारली असेलच असं नाही. चारही रिपोर्ट उघडून पाहा.